दोघांनी काडी टोचल्याशिवाय

मोरबी,
दि. १० फेब्रुवारी २०२५

ती. सोनाजी दाजी यांस,
सोमेश्वरचा सा. न. वि. वि.

नमस्कार घातला तो रिवाज म्हणून. तुमी माझ्या ताईचे मालक, आमच्या घरचे जावई. त्यामुळं तुमाला शिवी देता येत न्हाई अन् नमस्कार चुकवताबी येत न्हाई. दुसरा कोणी असता तर मी पत्र लिहीत बसलो नसतो, गाडीत बसलो असतो.

काल प्रमोदनं मला एक फोटो दाखवला. हा प्रमोद आमच्या कुरुंद्याचाच, इथं टाईलच्या कारखान्यात माझ्याच खोलीत राहतो. त्याच्या भावानं स्टेटसला टाकला होता. आपला हळद शिजवायचा कुकर जवळा बाजारच्या रस्त्याला कोणाच्यातरी वावरात उभा. धूर, वाफ, ओल्या हळदीचा ढीग, सगळं बराबर. अन् ड्रमापाशी माझी बायको. साडीवरून माझाच चौकटीचा शर्ट, डोक्याला रुमाल, हातात काडी. मागं आपली पाटी. त्या पाटीवर आपण वसमतच्या पेंटरकडून लिहून घेतलं होतं, सोनाजी व सोमेश्वर, हळद शिजवून मिळेल. आता तिथं 'सोनाजी व' एवढंच हाये. पुढं पांढरा पट्टा.

सोनाजी व काय? सोनाजी व कोण?

मी माझा मोबाईल भिंतीवर आपटला. तो फुटला, भिंतीला काही झालं न्हाई. म्हणून कागदावर लिहून राहिलो. सातवीनंतर एवढं सलग कधी लिहिलं न्हाई, पण राग एवढा हाये की हात थांबत न्हाई.

दाजी, कुकर निम्मा माझा हाये. वेल्डिंगवाल्याच्या दारात आपण दोघं झोपलो. पहिल्यांदा टाकीत पाणी भरलं अन् पाईपातून वाफ ड्रमात गेली तेव्हा तुमी अन् मी लेकरावाणी नाचलो. तेव्हाच मी नियम काढला. ड्रमातून दोन कंद काढायचे, एक तुमी घ्यायचा, एक मी. शिजला का ते पाहायला दोघांनी आपापली काडी टोचायची. दोघांनी हो म्हटलं तरच ड्रम पालथा करायचा. एक जरी न्हाई म्हणाला तरी थांबायचं. तुमी हसले होते, म्हणाले होते की एवढं तर लग्नातबी कोणी विचारत न्हाई. पण याच नियमामुळं लोकं आपल्याकडं यायला लागले का न्हाई? मग माझं नाव पुसताना कोणाला विचारलं? दोघांनी कुठं हो म्हटलं?

अन् माझ्या बायकोला तिथं उभं करायला तुमाला कोणी सांगितलं? वाफेचा चटका बसला तर? लोकं काय बोलत असतील ते मला इथं बसून ऐकू येतं. जवळ न्हाई म्हणून माणूस पुसायचा का? पिठाच्या गिरणीचा मालक झोपला तरी गिरणी त्याचीच राहती.

ताईला नमस्कार, तिच्यावर माझा राग न्हाई. तुमच्यावर जो काही लोभ होता तो या पाकिटात घातला न्हाई, इथंच उशाखाली ठेवलाय. उत्तर पाहून पाठवायचा का ते ठरवीन.

पाटीवरून पुसलेला,
सोमेश्वर


हट्टा,
दि. १९ फेब्रुवारी २०२५

चि. सोमेश्वर यास,
सोनाजीचे अ. आ. वि. वि.

मोबाईल फोडलास ते फार चांगलं केलंस. फोनवर तू माझं निम्मं वाक्य ऐकून कट करत होतास. आता पुरं वाचावं लागंल.

निम्मा कुकर तुझा, मला कबूल हाये. घेऊन जा. कोणता निम्मा पाहिजे तेवढं कळव. टाकी देऊ का ड्रम? का एका बाजूची चाकं काढून ठेवू? वाफेचं काय करायचं तेबी लिही, ती मला कापता येत न्हाई.

लोखंडाचा भागीदार कोणीबी होतो रे. मला वाफेत उभा राहणारा पाहिजे होता. तू पोळ्याच्या आधी गेलास. म्हणालास, इथं आता काम न्हाई, बसून माझे पाय खाजवतात, संक्रांत झाली की येतो. मी हो म्हटलं. तुझे पाय मला माहीत हायेत, ते चार महिने एका जागी राहत न्हाईत. संक्रांत झाली. लोकांनी हळद खणायला सुरुवात केली. मी टाकी घासली, पाईप फुंकून साफ केले, कुरुंदा, हट्टा, जवळा बाजार, सगळीकडं लोकांना नंबर लावून दिले. अन् प्रमोदच्या भावाच्या तोंडून तुझा निरोप आला. मुकादमानं भट्टीवर बढती दिली, औंदा जमत न्हाई, हिस्सा ठेवा. मी त्याला दोनदा विचारलं, अजून काही म्हणाला का. तो म्हणाला, न्हाई, एवढंच.

मी मजूर लावून पाहिला. माणूस चांगला होता. पण त्याच्या हातात काडी दिली की तो म्हणायचा, मालक, तुमी म्हणाल ते. मी हो म्हटलं की तो हो. मी मुद्दाम कच्च्या कंदाला हो म्हटलं, त्यानंबी हो म्हटलं. असा हो घेऊन मी काय करू? मग मी कुरुंद्याला तुझ्या घरी गेलो, तुझ्या आईला, मामींना सांगायला, की औंदा कुकर उभा करून ठेवतो, सोमेश्वर आला की बघू. तुझी बायको भाकरी थापत होती. तिनं हात धुतले अन् विचारलं, सकाळी किती वाजता निघायचं.

तू लिहिलंस, मी तिला उभं केलं. प्रियंकाला कोणी उभं करू शकतं असं तुला अजून वाटत असंल तर सहा वर्षं तू कोणासोबत राहिलास तेच मला कळत न्हाई. लोकाच्या बोलण्याची काळजी करू नको. तुझी ताई रोज सोबत असती. ती टाकीखाली जाळ घालती अन् बोलणाऱ्यालाबी तीच पाहती. ज्याला बोलायचं तो बोलतो, मग आपलीच हळद घेऊन आपल्याकडंच येतो.

पाटी मी पुसली न्हाई. रंगाचा डबा मात्र मी धरला होता, खोटं सांगत न्हाई. तू विचारलंस की दोघांनी कुठं हो म्हटलं. म्हटलं. मी अन् तिनं.

काहून पुसली ते तिला विचार. मला विचारून राग स्वस्तात काढू नको.

तुझ्या ताईनं, मंजुषानं लिहायला सांगितलं, की तुझा तिच्यावर राग नसला तरी तिचा तुझ्यावर हाये. लोभ उशाखाली ठेवलास म्हणे. ठेव, पण वर डोकं ठेवून झोपत जा, म्हणजे काही सुचलं तर सुचंल.

तुझा दाजी,
सोनाजी


मोरबी,
दि. २६ फेब्रुवारी २०२५

सौ. प्रियंका हीस,
सोमेश्वरचे आशीर्वाद. तू ते घेशील का न्हाई माहीत न्हाई, तरी वि. वि.

आज महाशिवरात्र. तिकडं औंढ्याच्या रस्त्याला पाय ठेवायला जागा नसंल. इथं उपासाला प्रमोदनं भगर केली ती करपवली. आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असंल तर वसमतहून आण.

आता मुद्द्याचं. दाजी लिहितात की पाटी तू पुसली. मी ते वाक्य प्रमोदकडून परत वाचून घेतलं, मला वाटलं मलाच वाचता येत न्हाई. दाजींनी पुसली असती तर मी त्यांच्याशी भांडलो असतो, दोन वर्षं बोललो नसतो, मग कोणाच्यातरी लग्नात एका पंगतीला बसलो असतो. तुझ्याशी कसं भांडायचं? ज्या घरात तू राहती त्याच घराच्या माणसाचं नाव तू पुसती, हे मी कोणाला सांगू? प्रमोदला सांगितलं तर तो हसला. त्याच्याशीबी बोलत न्हाई आता.

इथं मी काय झोपा काढून राहिलो का? भट्टीतून मोठमोठ्या टाईली निघतात, दाराएवढ्या. एकाला उचलत न्हाई. या टोकाला मी, त्या टोकाला अमरसिंग. हा मध्य प्रदेशचा गडी, बोलत कमी, पण काम चोख. मी छोड म्हणल्याशिवाय तो सोडत न्हाई, तो म्हणल्याशिवाय मी. एकानं आधी सोडली तर दुसऱ्याच्या पायावर जाती. मुकादम म्हणतो की पूर्ण लाईनीत अशी जोडी न्हाई. म्हणजे मला भागीदारी कळत न्हाई असं काही न्हाई.

तेव्हा हे पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरी बस. आईकडं बघ. दाजींना दुसरा माणूस पाहू दे. अन् वसमतच्या पेंटरला बोलावून नाव होतं तसं लिहून घे, त्याच रंगात, त्याच वळणात. माझा शर्ट धुवून ठेव. हळदीचा डाग जात न्हाई हे मला माहीत हाये, तरी धू.

इथं ऊन वाढलं. भट्टीपुढं ते वेगळं कळत न्हाई. तुझ्यावरचा लोभ आटला न्हाई, पण उकळून राहिला. उत्तर लिही अन् त्यात गोलगोल लिहू नको.

तुझा,
सोमेश्वर


कुरुंदा,
दि. ८ मार्च २०२५

श्री. सोमेश्वर यांना,
प्रियंकाचा नमस्कार. आशीर्वाद घेतले, वाया काहून घालवू. वि. वि.

आईंचं तेल आणलं. भगर करपते कारण पाणी आधी उकळून घ्यावं लागतं, प्रमोदभाऊंना सांगा. पांढऱ्या बकरीला दोन पाठी झाल्या. तुमचा शर्ट धुतला नाही. रोज लागतो.

घरी बस असं लिहिलंत. मी बसणार नाही. गोलगोल लिहू नको म्हणालात म्हणून हे आधीच लिहिलं.

आता तुम्ही विचारलंत त्याचं सांगते. तुम्ही यंदा येत नाही हे मला कोणी सांगितलं माहीत आहे का? प्रमोदभाऊंच्या आईनं, पिठाच्या गिरणीत. माझा डबा काट्यावर होता. त्यांनी मोठ्यानं विचारलं की सोमेश्वरला बढती झाली म्हणे, मग आता पेढे कधी. सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मी मला आधीच माहीत असल्यासारखं तोंड केलं आणि हसले. दळण घेऊन घरी आले तर आई विचारतात, पोरगं कोणत्या गाडीनं येतंय. मी पीठ चाळत बसले. चाळलेलं पीठ परत चाळलं. दाजींना निरोप, प्रमोदला निरोप, त्याच्या भावाला निरोप. तुमच्या निरोपात सगळं गाव होतं, मीच नव्हते.

म्हणून दाजी आले तेव्हा मी उठले. तुमची जागा राखायला उठले नव्हते. घरात बसून ते हसणं परत करायचं नव्हतं, म्हणून उठले. पण पाटी तेव्हा पुसली नाही. तुमचं नाव होतं तसं राहू दिलं, त्याच्याखाली उभी राहून काम केलं. कोणी विचारलं सोमेश्वर कुठं, तर येऊन राहिलेत म्हणायची.

मग जवळा बाजारच्या रस्त्याला विश्वंभररावांच्या वावरात कुकर लागला. दाजींनी कंदाला काडी टोचली, हो म्हणाले. मी टोचली, मला आत घट्ट लागलं. मी नाही म्हणाले. खरं तर हळद शिजली होती. मी घाबरले होते, कच्ची निघाली तर लोक म्हणतील बाईनं घालवली. दाजी थांबले. तुमचाच नियम. परत कंद काढला तोवर गर झाला होता. ड्रम पालथा केला तर हळद पायाखाली चेपत होती. विश्वंभररावांनी सगळ्या मजुरांसमोर विचारलं, कोणी थांबवलं, तुम्ही का हिनं. मी काडी हातात धरून उभी. दाजींनी माझ्याकडं बोट केलं असतं तरी ते खरंच होतं. ते म्हणाले, आमच्या दोघांचं चुकलं. पुढच्या ड्रमाकडं गेले आणि पाईप लावायला लागले. नंतर मलाही एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वेळी काडी मला आधी दिली, एवढंच.

घरी निघताना ताईंनी विचारलं, चटका बसला का. मी म्हटलं, नाही.

सहा वर्षं झाली आपल्या संसाराला. दूध उतू गेलं तर माझं. आईंची दाढ दुखली तर माझी भाकरी कडक. लेकरू राहिलं नाही तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून तुम्ही म्हणालात, तुझ्यात काय कमी आहे ते बघावं लागंल. तुमचं चुकलं असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, ते राहू द्या. आपल्या दोघांचं, हे दोन शब्द मी तुमच्या तोंडून एकदाही ऐकले नाहीत. ते मला परक्या वावरात, नणंदेच्या नवऱ्याकडून ऐकावे लागले. दुसऱ्या दिवशी मी पांढरा रंग आणला.

दाजी म्हणाले, आता तुझं नाव घाल. मी म्हटलं, राहू द्या. ते रिकामं ठेवलंय. लोक विचारतात तसं तुम्हीही विचारलंत, सोनाजी व कोण. आम्हालाही अजून ठरवायचं आहे.

आई पहिले काही दिवस बोलत नव्हत्या. आता मी घरी आले की पाणी द्यायच्या आधी विचारतात, आज कोणाची काडी खरी ठरली.

तुमच्यावरचा लोभ असा मोजून पाठवता येत नाही. इथं आहे. घ्यायला यावं लागतं.

आपली,
प्रियंका


मोरबी,
दि. १७ मार्च २०२५

सौ. प्रियंका हीस,
सोमेश्वरचे आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचलं. दवाखान्याचं काहून काढलं? ते त्या वेळचं होतं. रागात माणूस काहीबी बोलतो. मला आठवतबी नव्हतं, आता आठवलं तर झोप लागत न्हाई अन् त्याचा राग येतो.

दाजींचं मोठं कौतुक झालं. आमच्या दोघांचं चुकलं, असं म्हणायला काय लागतं? तोंडच तर उघडायचं. मी रोज वाफेत उभा राहिलो, हातावर फोड घेतले, ते गेलं, अन् दाजींचं एक वाक्य राहिलं. अन् गिरणीतलं काय मी मुद्दाम केलं का? तुला फोनवर सांगितलं असतं तर तू गप्प बसली असती. तुझं गप्प बसणं मला ऐकायला होत न्हाई, म्हणून प्रमोदकडून निरोप धाडला. यात एवढं काय?

आता दुसरंच खूळ. होळीला अमरसिंग गेला. सकाळी उठून पाहतो तर त्याची वळकटी न्हाई, खुंटीवरचा टॉवेल न्हाई. कोणाला सांगितलं न्हाई. मुकादमाला तिसऱ्याच माणसाकडून निरोप, की गावाकडं शेतीचं काम हाये, यायचं जमंल तेव्हा येईन, माझी जागा ठेवा. जागा ठेवा म्हणे. त्या टोकाला रोज नवा माणूस लावून राहिलेत. नवा माणूस छोड म्हणायचं विसरतो. परवा टाईल माझ्या अंगठ्यावर आली, नख काळं पडलं. मला सांग, दोन टोकांचं काम ज्यानं अंगावर घेतलं त्यानं असं उठून जावं का? जायचं तर जा, पण ज्याच्या भरवशावर दुसरा माणूस वजन उचलतो त्याला तोंडानं सांगून जा. तिसऱ्याकडून निरोप काहून? मी त्याला सख्ख्या भावासारखा धरत होतो. आता आला तर त्याच्या टोकाला मी उभा राहणार न्हाई, सांगून ठेवतो.

या सगळ्याचा वैताग आला. मी येतो. हळदीचा सीझन एप्रिलच्या मधापर्यंत चालंल, तोवर काम करीन. दाजींना सांग माझी जागा मोकळी करा. तू काडी मला दे अन् घरी जा. नाव नंतर लिहू, पण माझंच. याच्यावर मला वाद नको.

बकरीच्या पाठी विकू नको. लोभाचं तू लिहिलं ते मी परत परत वाचलं, त्याच्यावर काही लिहीत न्हाई.

तुझा,
सोमेश्वर


कुरुंदा,
दि. २६ मार्च २०२५

श्री. सोमेश्वर यांना,
प्रियंकाचा नमस्कार वि. वि.

नख काळं पडलं तर कोमट पाण्यात मीठ घालून बोट बुडवून ठेवा, आणि ओढून काढू नका. तुम्हाला ओढायची सवय आहे.

तुमचं पत्र मी दुपारी सगळ्यांना वाचून दाखवलं. दवाखान्याचं सोडून. अमरसिंगचं मात्र सगळं वाचलं. ताई जाळ घालायच्या थांबल्या. जागा ठेवा म्हणे, इथपर्यंत आले तर दाजी हसायला लागले. एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग एकदम उठून टाकीच्या पलीकडं गेले, पाणी बघायचं म्हणून. पाणी नुकतंच भरलं होतं. मी पुढचं वाचलं नाही. पत्र घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं, तुमच्याच.

अमरसिंगचा राग करा, खुशाल करा. बराबर आहे तुमचा राग. मला त्यातलं एकही वाक्य खोडावंसं वाटलं नाही. उलट वाटलं, हे मीच लिहायला पाहिजे होतं, मला एवढं चांगलं जमलं नसतं.

आता तुमच्या येण्याचं. घरी तुम्ही कधीही या, घराला पाटी नाही. आई वाट बघतात, मीही बघते, त्यात खोटं नाही. पण कुकरची गोष्ट वेगळी. काडी मी देणार नाही. माझ्या हाताला आता ती कळायला लागली आहे. दाजी म्हणाले, सोमेश्वर आला तर काय करायचं. मी म्हटलं, नियम आहे ना. तो कंदाला लागतो तसा माणसालाही लागू द्या. दोघांनी हो म्हटलं तर घ्यायचं. एकानं नाही म्हटलं तर थांबायचं, कोणी कोणाला ओढायचं नाही.

दाजींनी लगेच हो म्हटलं. तुमचे दाजी मऊ आहेत.

मी अजून काडी टोचलेली नाही.

उत्तर लिहायचं तर लिहा, नाहीतर या. दोन्हीला माझी हरकत नाही. मात्र निरोप धाडू नका.

आपली,
प्रियंका


मोरबी,
दि. ३ एप्रिल २०२५

सौ. प्रियंका हीस,
सोमेश्वरचा नमस्कार. आशीर्वाद दर वेळी मीच काहून द्यायचे? वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा जेवत होतो. ताट बाजूला सारलं. अमरसिंगचं तू सगळ्यांना वाचून दाखवलं, मला फार राग आला. मी ते पान आठवून आठवून मनात परत लिहिलं. कुठं थांबायला पाहिजे होतं ते आता दिसतं. तेव्हा दिसलं न्हाई. याचाबी राग तुझ्यावरच.

काल एक झालं. माझ्या समोरच्या टोकाला देवला म्हणून गडी हाये, नवाच. त्यानं छोड म्हटलं न्हाई अन् सोडली. टाईल खाली आली, तुकडे झाले. मुकादम धावत आला, विचारलं कोणाची चूक. चूक देवलाची होती, शंभर टक्के त्याची. मी तोंड उघडलं ते त्याचंच नाव घ्यायला. अन् निघालं, दोनों की. मुकादमानं दोघांना झापलं. देवला माझ्याकडं असं बघून राहिला की मला वेड लागलं. मलाबी तसंच वाटलं. दिवसभर चिडलेला होतो. न केलेल्या चुकीची शिवी खाल्ली, कोणासाठी? एका परक्या गड्यासाठी. रात्री जेवताना त्यानं त्याच्या डब्यातलं लोणचं माझ्या ताटात वाढलं. प्रियंका, तोंडच तर उघडायचं असं मी लिहिलं होतं. ते सोपं न्हाई. लई जड जातं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी जे बोललो ते दोघांचं नव्हतं. ते माझं एकट्याचं होतं. एवढंच. याच्यापुढं त्याच्यावर मला लिहिता येत न्हाई.

मुकादमाला मी स्वतः जाऊन सांगितलं की पुढच्या शुक्रवारी, ११ तारखेला निघतो, परत येणार न्हाई, माझ्या टोकाला माणूस पाहून ठेवा. त्यानं शिव्या दिल्या, पण म्हणाला की सांगून जाणारा तू पहिलाच. देवलालाबी सांगितलं. आता तुला सांगून राहिलो. प्रमोदला काही सांगितलं न्हाई, तो गावभर करंल.

राग गेला असं समजू नको. दाजींवरचा बराच गेला, तुझ्यावरचा निम्मा हाये. निम्मा घेऊन येतो. काडी मागणार न्हाई. पाटीकडं बघणार न्हाई. बघंन, पण काही बोलणार न्हाई. जळणाला पऱ्हाट्यांचे भारे वाहीन, ताईला जाळ घालून घालून खोकला लागला असंल, ती बाजूला बसू दे. ड्रमाला हात लावणार न्हाई. शर्ट तूच घाल, मी दुसरा आणतो.

दाजींनी लगेच हो म्हटलं म्हणती. दाजींचं मला माहीत हाये, ते कंद वरून दाबून पाहतात अन् हो म्हणतात. सालीखालचा मऊपणा कोणालाबी फसवतो. वरून शिजलेली हळद मधी कच्ची राहिली तर ती वाळवल्यावर कळती, अन् वाळल्यावर परत शिजवता येत न्हाई. तेव्हा तू घाई करू नको. हा सीझन गेला तरी चालंल. टोचशील तेव्हा पार मधोमध टोच, अन् घट्ट लागलं तर सगळ्यांसमोर न्हाई म्हण. मी थांबतो.

आईला सांग, परभणीपर्यंत रेल्वे, पुढं एसटी.

तुझा, नुसताच,
सोमेश्वर